लेडी टेमर आणि चिकाची किटली

“दार उघडा की, हेपझीबाकाकी! मत न्हाय द्यायचं तर नका दिऊ, पन मला ह्या गारठ्यात तरी उभं करू नका.”

“आमचं मत कुनाला पायजे? आमची किटली धुतलीस न्हवं? आता दारबी भायेरनंच धू आन् जा.”

“किटली? कंची किटली?”

“चिकाची! दुसरी कंची? आरशावानी घासून पाठीवलीस. सिमीयनचं टक्कल दिसत व्हतं तिच्यात. आन् दोन दिस सरलं न्हाईत तवर गाय आटली आमची.”

टेमरनं दारावरचा हात काढला. आतून कडी पडल्याचा आवाज आला, आणि कडीबरोबर कुत्रंही भुंकलं. स्कारहेडला कुत्रीसुद्धा घरधन्याच्या मताची असतात.

दारात उभी असलेली ही बाई लॉर्ड स्केलगार्थची बायको. विथरडेल मतदारसंघातून पार्लमेंटची निवडणूक लढवत होती, आणि मतदान परवावर आलं होतं. तिच्या विरोधात सर जोसाया ग्रिमशॉ. खालच्या शहरात त्याच्या सुताच्या गिरण्या. शहराला पाणी पाहिजे होतं, त्याच्या गिरण्यांना त्याहून जास्त पाहिजे होतं, आणि ते अडवायला सगळ्यांत सोयीची जागा म्हणजे आमचं वरचं खोरं. धरणाचा कायदा पार्लमेंटच्या उंबऱ्यावर येऊन बसला होता. ग्रिमशॉ आत गेला की कायदाही त्याच्या मागोमाग आत जाणार. मग स्कारहेडची घरं, गोठे, चॅपेल आणि चॅपेलमागची थडगी, सगळं पाण्याखाली.

तुम्ही म्हणाल, मग स्कारहेडवाल्यांनी डोळे झाकून टेमरला मतं द्यावीत. त्यांचंच घर बुडायचं होतं ना? पण डोंगरातल्या माणसाला असं सरळ वागता आलं असतं तर तो डोंगरात कशाला राहिला असता?

आमच्याकडं गाय व्याली की पहिल्या धारांचा चीक शेजाऱ्याला द्यायचा. शेजारी त्याचा खरवस करतो, खातो, आणि किटली परत पाठवतो. ती न धुता पाठवायची. कडेला पिवळा थर तसाच पाहिजे. किटली धुतली की गाईचं दूध आटतं, हे पाळण्यातल्या पोरालाही माहीत असतं. मुद्दाम धुऊन पाठवली तर त्याचा अर्थ एकच होतो: तुझं माझं संपलं. सिमीयन केअर्टनची गाय खरोखर का आटली ते गाईलाच ठाऊक. मला विचाराल तर कासेला दगडी, म्हणजे सूज, झाली होती. पण सिमीयन हा स्कारहेडचा सगळ्यांत म्हातारा माणूस, आणि वरच्या खोऱ्यातली माणसं तो शिंकला तर टोपी घालायची. सिमीयननं सांगितलं, “मतदानाला कुनी खाली उतरायचं न्हाय. घासलेली किटली पाठीवनारी बाई उद्या लंडनात आमालाबी घासून टाकंल.” झालं. सगळी घरं बंद.

राग जास्त, कारण टेमर त्यांचीच पोर.

टेमर आयव्हसन सिमीयनच्या बांधाला लागून असलेल्या घरात जन्मली. बाप दगडाचे गडगे रचायचा. आई बाळंतपणातच गेली. सिमीयनच्या बायकोच्या, हेपझीबाच्या, मांडीवर तेव्हा तिचं स्वतःचं पोर होतं. तिनं दुसऱ्या बाजूला टेमरला घेतलं. एका बाजूला केअर्टन, एका बाजूला आयव्हसन, अशी ती म्हातारी आजही सांगते, आणि वर म्हणते की आयव्हसन जास्त चावायची. जरा मोठी होऊन झगा घोट्यापर्यंत आला तशी टेमर मोठ्या घरच्या दूधघरात कामाला लागली. मोठं घर म्हणजे लॉर्डाचं. तिच्या हाताला चीज असं साधायचं की लेडी हॉनोरिया, म्हणजे तेव्हाच्या थोरल्या लॉर्डाची बायको, पाहुण्यांना सांगायची, “आमचं चीज.” टेमरचं नाव कशाला घेईल?

लॉर्डाला दोन मुलगे. थोरला फ्रान्सात लढाईत पडला. धाकटा मार्मड्यूक परत आला तो छातीत विषारी धूर घेऊन. डॉक्टरनं सांगितलं, रोज ताक प्या. तो रोज दूधघरात यायचा, दगडी फरशीवर बसायचा आणि ताक प्यायचा. सगळा उन्हाळा ताक. ताकाला जाऊन भांडं लपवायची त्याची जात नव्हती. एक दिवस पेला खाली ठेवून सरळ म्हणाला, “टेमर, माझ्याशी लग्न करशील का?”

टेमर लोणी काढत होती. म्हणाली, “हे लोनी हुईस्तवर थांबा. लोनी बिघाडलं तर तुमचीच आई वराडंल.”

लोणी झालं. लग्नही झालं. लेडी हॉनोरिया डोकं दुखतंय म्हणून लग्नाला आली नाही. ते डोकं पुढं तीन नातवंडं होईपर्यंत दुखत राहिलं. टेमर तिला सासूबाई म्हणायची, आणि दर वेळी उत्तर यायचं, “मला लेडी हॉनोरिया म्हणतात, टेमर.” टेमर दुसऱ्या दिवशी परत सासूबाई. कामं तिनं सोडली नाहीत. पोरं पाठीशी बांधून दूधघरात जायची. गाय व्याली की स्कारहेडहून चीक यायचा, खरवस व्हायचा, किटली जशीच्या तशी परत जायची. इतकी वर्षं कधी चुकलं नाही.

मार्मड्यूक निवडून आला, पार्लमेंटात बसायला लागला. खोकल्यामुळं बोलायचा कमी. बोलायचा ते आदल्या आठवड्यात टेमरनं जेवताना बडबडलेलं असायचं. मग थोरला लॉर्ड गेला, आणि किताब मार्मड्यूकवर आला. लॉर्ड झालेल्या माणसाला खालच्या सभागृहात बसता येत नाही. बाप मेला त्या दिवशीच पोराची जागा गेली, असा कायदा फक्त आमच्या थोरामोठ्यांतच सापडायचा. पक्षाची माणसं नवा उमेदवार शोधायला आली. सगळ्या मिशाच मिशा. मार्मड्यूक त्यांना म्हणाला, “मी तिथं जे बोललो ते सगळं हिचं होतं. आता उसना माणूस कशाला पाठवता? मूळ मालच न्या.”

मिशा खूप हलल्या. पण दुसरा कुणी मिळेना.

लंडनहून टटल नावाचा एजंट आला. अंगानं बारीक, बोटानं शाईचा. त्यानं ठरवलं, उमेदवारबाईंची भाषा सुधारायची. थोड्याच दिवसांत टटलच “न्हाय” म्हणायला लागला, तेव्हा त्यानं तो नाद सोडला. तशी निवडणूक चांगली चालली होती. खालच्या गावांत निम्मी निम्मी मतं, आणि वरचं खोरं हुकमी. त्या हुकमी मतांवरच सगळं गणित होतं. आणि आता तेच दार लावून बसलेलं.

टेमर त्या दिवशी स्कारहेडहून पायीच घरी आली आणि तडक स्वैपाकघरात गेली. स्वैपाकीणबाई बंटिंग कणीक मळत होती.

“किटली कुनी धुतली, बंटिंगबाई?”

बंटिंगबाईनं वर बघितलं नाही. कणकेला एक ठोसा दिला. “मी नाही म्हटलं होतं, बाईसाहेब. शप्पत. पण लेडीसाहेब स्वतः उभ्या राहिल्या.”

लेडी हॉनोरिया दिवाणखान्यात पत्ते लावत बसली होती. “हो, मीच घासून घ्यायला लावली,” ती म्हणाली. “तू प्रचाराला गेली होतीस. त्या भांड्याला वास येत होता. लोकांचं भांडं स्वच्छ करून परत करणं हा शिष्टाचार आहे. निदान माझ्या माहेरी तरी होता.”

“तुमच्या म्हायेरी गाई व्हत्या का, सासूबाई?”

“लेडी हॉनोरिया. आणि आमच्याकडे घोडे होते.”

टेमर ओरडली नाही. ओरडून आटलेली गाय दूध देत नाही. तिनं टटलला बोलावलं आणि म्हणाली, “माजी चेरी गाय सिमीयनकाकाला दिऊन टाकते. आटलीच्या बदल्यात दुभती. मंग तोंड उघडंल त्यो.”

टटलचा चेहरा दुधासारखा पांढरा पडला. “गाय? मतदाराला? लेडी स्केलगार्थ, ही लाच आहे! निवडणुकीत उमेदवारानं मतदाराला कपभर चहा पाजला तरी निवड रद्द होते. गाय दिलीत तर तुम्ही तुरुंगात, आणि मी तुमच्या शेजारच्या कोठडीत.”

“किटलीभर चीक दिला तर?”

“किटलीभर पाणीसुद्धा नाही!”

टेमर खिडकीशी जाऊन उभी राहिली. आता हा पेच बघा. आमच्या खोऱ्यात मोडलेलं नातं सांधायचं तर काहीतरी हातात घेऊन जावं लागतं. आणि कायदा म्हणतो, हातात काही घेऊन गेलीस तर गेलीस. जरा वेळानं ती वळली.

“टटलसायेब, द्यायचं चालत न्हाय. घ्यायचं चालतं का?”

“म्हणजे?”

“म्या मतदाराकडनं काय मागून घेतलं तर?”

टटलनं आपलं जाडजूड पुस्तक काढलं, पुढनं मागनं चाळलं. “उमेदवारानं मतदाराकडून,” तो सावकाश म्हणाला, “खाण्याची वस्तू मागून घेऊ नये, असं कुठं लिहिलेलं नाही. असं कुणी करेल हे बहुतेक कुणाला सुचलंच नाही.”

त्याच दुपारी टेमर परत स्कारहेडला. सिमीयनची दुसरी गाय सकाळीच व्याली होती, त्यामुळं गोठ्यात वासरू बघायला सगळा वस्तीचा बाप्या जमलेला. मीही होतो. टेमर आत आली तशी बोलणं थांबलं. तिनं कुणाला हात केला नाही, हसली नाही, निवडणुकीचा कागद काढला नाही.

“काका, चीक पायजे.”

सिमीयननं वासराच्या पाठीवरचा हात काढला नाही. “मागायला आलीस?”

“व्हय.”

“लॉर्डाच्या घरात काय कमी पडलं?”

“लॉर्डाच्या घरात गाई हायत. चीक स्कारहेडचा पायजे.”

“मागल्या टायमाला दिला की. त्येचं काय झालं समद्यांनी बगितलं.”

“ते मला ठावं न्हवतं, काका. आज कळलं. म्या घरी न्हवते.”

“घर तुजंच हाय न्हवं?”

ते लागलं. टेमर एक पाऊल पुढं आली. मग म्हणाली, “माजंच हाय. म्हनून सांगते, या टायमाला किटली खरकटी येईल. आन् माज्या हातनं न्हाय येनार. जिनं घासायला लावली, तिच्या हातनं येईल.”

गोठ्यात असा काही हशा झाला की व्यालेली गाय दचकून उठली.

“लेडी हॉनोरिया?” सिमीयन डोळे पुसत म्हणाला. “आगं पोरी, ती बया देवालाबी हातमोजा घालून हात जोडती! ती खरकटी किटली धरनार?”

“धरंल.”

“आन् न्हाय धरली तर?”

“तर तुमी घरी बसा, आन् धरनाचं पानी येईस्तवर बसूनच ऱ्हावा.”

सिमीयननं वासराच्या पाठीवर एक थाप मारली. मग बायकोला हाक मारली, “हेपझीबा! किटली आन. ती घासलेलीच आन. आता तीच खरकटी हुंदे.”

संध्याकाळी टेमरनं खरवस स्वतः लावला. भट्टीत मंद आचेवर, वरून जायफळ किसून. मोठ्या घरच्या लांबलचक जेवणाच्या टेबलावर चांदीच्या चमच्यांनी वाढला. लेडी हॉनोरियानं एकदा घेतला. मग दुसऱ्यांदा घेतला. मार्मड्यूक तिसऱ्यांदा घेत होता तेव्हा टेमरनं सांगून टाकलं.

म्हातारीनं चमचा ठेवला. “मी? त्या शेणातून? उष्टं भांडं घेऊन?”

“व्हय, सासूबाई.”

“सत्तरीला आले मी. आजवर एकाही कुळाच्या घरात पाय ठेवला नाही.”

“म्हनून तर तुमीच पायजे. म्या गेले तर टेमर आली म्हनतील. तुमी गेला तर मोठं घर आलं.”

“मी नाही जाणार.”

टेमरनं मान हलवली आणि ताटल्या गोळा करायला लागली. मार्मड्यूक खोकला, पाणी प्यायला आणि छताकडं बघत म्हणाला, “ग्रिमशॉ काल बाजारात सांगत होता, आई. म्हणे धरण झालं की वरच्या बाजूला बंगला बांधणार. पाण्याकाठी. आपल्या घराच्या वरच्या अंगाला. म्हणे, रोज सकाळी न्याहारी करताना स्केलगार्थांचं छप्पर खाली बघायला मजा येईल.”

म्हातारी उठली. पण पत्ते लावायला बसली नाही, तशीच वर गेली.

सकाळी बंटिंगबाई भांड्यांचा ढीग घेऊन बसली होती. सवयीनं हात किटलीकडं गेला. दारातून असा आवाज आला की बाई स्टुलावरून घसरली.

“हात लावू नकोस त्याला!”

लेडी हॉनोरिया टोपी, फरचा कोट आणि पांढरे हातमोजे घालून उभी होती. “मोटार काढायला सांग. आणि ते भांडं माझ्याकडे दे. झाकण नीट लाव. नाही, पुसूसुद्धा नकोस!”

मोटार ओढ्यापर्यंतच जाते. पुढं स्कारहेडला चढण आहे, आणि एप्रिलात त्या चढणीवर पाण्यापेक्षा शेण जास्त असतं. आम्ही सगळे गडग्याआड. बायका खिडक्यांना. म्हातारी उतरली, ड्रायव्हरनं हात पुढं केला तो तिनं काठीनं बाजूला सारला, आणि निघाली. एका हातात काठी, एका हातात किटली. मध्ये एकदा बूट रुतला. तिनं तो तसाच ओढून काढला, तोंडातनं एक शब्द काढला जो मी लॉर्डांच्या घरात कधी ऐकला नव्हता, आणि पुढं चालायला लागली. तेव्हाच मला वाटलं, ही बया ठीक आहे.

हेपझीबा दारात कमरेवर हात ठेवून.

“ही तुमची किटली,” लेडी हॉनोरिया धापा टाकत म्हणाली. “धुतलेली नाही.”

हेपझीबानं झाकण काढलं. आत बघितलं. वास घेतला. कडेवरून बोट फिरवलं आणि ते जिभेला लावलं. सगळी वस्ती श्वास रोखून.

“व्हय,” ती म्हणाली. “न्हाय धुतली.”

“खरवस चांगला होता. जायफळ जरा जास्त झालं.”

“जायफळ तुमच्या सुनंचं. चीक आमचा.”

“चीक,” म्हातारी म्हणाली, आणि पुढचा शब्द तिला घशातून ओढून काढावा लागला, “उत्तम होता.”

सिमीयननं टोपी काढली. ते टक्कल मी पहिल्यांदाच उघड्यावर बघितलं. “भायेर का उभ्या, लेडीसायेब? आत या. चुलीपाशी बसा. बुटाचं शेन वाळंल तवर च्या घ्या. तुमी मतदार न्हाईसा म्हना, का हायसा?”

“मी मतदार आहे.”

“मंग घ्या की. म्या कुठं उमेदवार हाय!”

ती आत गेली आणि बराच वेळ बाहेर आली नाही. काय बोलल्या त्या दोघी म्हाताऱ्या ते हेपझीबानं कधी सांगितलं नाही, पण खिडकीतून एकदा लेडी हॉनोरियाचा आवाज ऐकू आला, “चावायची? खरंच?” आणि मग दोघींचं हसणं.

मतदानाच्या दिवशी स्कारहेड खाली उतरलं. गवताच्या गाड्या जोडल्या. ज्यांना चालता येत नव्हतं त्यांना गाद्यांसकट वर चढवलं. वाटेवरच्या वस्त्या बघत होत्या. सिमीयन पहिल्या गाडीवर बसलेला बघितला आणि त्याही मागं लागल्या. वरचं सगळं खोरं एका रांगेत. ग्रिमशॉच्या चार मोटारी समोरून आल्या आणि त्यांना गडग्याला चिकटून उभं राहावं लागलं, गाड्या संपेपर्यंत.

मोजणी खालच्या शहरात, गिलटनच्या टाउन हॉलात. सगळ्या पेट्यांतली मतं एकत्र ओततात, त्यामुळं कुठल्या गावानं कुणाला दिलं ते कुणाला कळत नाही. टटल मात्र टेबलाला नाक लावून बसला होता. नंतर त्यानं सांगितलं, मतपत्रिकेवर शहरी माणसाची फुली हलकी असते. डोंगरातला माणूस पेन्सिल नांगरासारखी धरतो, कागद फाटायच्या बेतानं. सुरवातीला दोन्ही ढीग सारखे चढले. मग ग्रिमशॉचा जरा वर गेला आणि त्यानं सिगार काढला. मग त्या खोल फुल्या यायला लागल्या. एकामागं एक. टटलनं मागं वळून टेमरकडं बघितलं आणि लंडनचा तो सगळा शिष्टाचार विसरून ओरडला, “आलं! वरचं खोरं आलं!” सिगार पेटवायचा राहिलाच.

शंभराच्या आतला फरक होता, पण होता. बाहेर चौकात टोप्या उडाल्या, चॅपेलची बँडवाली पोरं वाजवायला लागली, आणि हेपझीबा कुणातरी अनोळखी पोलिसाबरोबर नाचली. ग्रिमशॉ हात मिळवायला पुढं आला. हसत म्हणाला, “अभिनंदन, लेडी स्केलगार्थ. शेवटी दूधवाल्यांनीच निवडून दिलं तुम्हाला.”

“व्हय, सायेब. आन् थोडी तुमच्या गिरनीवाल्यांनीबी दिली आसतील. त्येंची पोरं दूधच पित्यात, सूत न्हाय.”

चौकात जो हशा पिकला तो लोक म्हणतात लंडनला ऐकू गेला. लेडी हॉनोरिया पायरीवर उभी होती. वार्ताहरानं विचारलं, विजयी उमेदवार आपल्या कोण? म्हातारी म्हणाली, “माझी सून. लिहून घ्या. आणि स्पेलिंग चुकवू नका.”

त्या कायद्याचं पुढं काय झालं? आमचं वरचं खोरं अजून कोरडं आहे, एवढं सांगितलं म्हणजे पुरे. टेमर पार्लमेंटात उभी राहून आपल्याच भाषेत बोलली. निम्म्यांना कळलं नाही, पण ज्यांना कळलं त्यांनी उरलेल्यांना समजावलं.

पण ते नंतर. निकालाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी टटल तारांचा गठ्ठा घेऊन धावत दूधघरात आला. लंडनहून, पक्षाकडून, कुठल्या कुठल्या लेड्यांकडून आलेल्या तारा. टेमर बाह्या सारून चीजचे गोल उलटत होती. फळीवर ओळीनं मांडलेले. रोज उलटले नाहीत तर एका अंगानं बसतात.

“लेडी स्केलगार्थ, या वाचायलाच हव्यात! सोमवारी शपथ आहे. पंतप्रधानांच्या कचेरीतून सुद्धा...”

“तुमीच वाचा. माजं हात खारट हायत.”

टटल फरशीवर उभा राहून मोठ्यानं वाचायला लागला. टेमर ऐकत होती. तिनं एक गोल उलटला, मिठाच्या फडक्यानं पुसला, अंगठ्यानं दाबून बघितला, आणि पुढचा हातात घेतला.